तात्पुरता उतार : डॉ. सिडनी फार्बर आणि मुलांचा रक्ताचा कर्करोग

घरात मूल आजारी असले आणि चार दिवसांनी त्याचा ताप उतरला, ते उठून बसले, खायला मागू लागले, की आपण म्हणतो, 'उतार पडला.' या दोन शब्दांनी घरातल्या माणसांचा जीव भांड्यात पडतो. बहुतेक आजारांत उतार पडणे ही बरे होण्याचीच पहिली पायरी असते. म्हणून या दोहोंतला फरक पाहण्याची गरज आपल्याला सहसा भासत नाही. परंतु असा एक रोग आहे की ज्यात उतार पडणे आणि बरे होणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर तोडावयास वैद्यकशास्त्राला पाव शतक खर्ची घालावे लागले, आणि ते लक्षात न घेतल्यामुळे आजही मुले दगावतात. हा रोग म्हणजे लहान मुलांना होणारा रक्ताचा कर्करोग. या रोगाची, आणि त्याला प्रथम उतार पाडून दाखविणाऱ्या डॉ. सिडनी फार्बर या संशोधकाची हकीकत आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

रोगाचे स्वरूप

आपल्या हाडांच्या पोकळीत जो मऊ गर असतो त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातल्या सर्व पेशी तेथे तयार होतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी सामना देतात आणि बिंबिका नावाचे सूक्ष्म कण रक्तस्राव थांबवितात. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशींपैकी एका जातीची वाढ बिघडते. त्या पेशी कच्च्याच राहतात, काही काम करीत नाहीत, मात्र बेसुमार वाढत जातात. शेतात हरळी माजली म्हणजे पिकाला जागा उरत नाही, तसा प्रकार मज्जेत होतो. तांबड्या पेशी कमी पडतात म्हणून मूल पांढरेफटक पडते. कामाच्या पांढऱ्या पेशी उरत नाहीत म्हणून ताप हटत नाही. बिंबिका घटतात म्हणून हिरड्यांतून रक्त येते आणि थोड्याशा धक्क्यानेही अंगावर काळेनिळे डाग उठतात. हाडे दुखतात, मूल चालावयास नाखूष असते.

रुडॉल्फ विर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली या रोगाला 'ल्युकेमिया', म्हणजे 'पांढरे रक्त', हे ग्रीक शब्दांवरून बनविलेले नाव दिले. त्यानंतर शंभर वर्षे लोटली तरी मुलांच्या तीव्र ल्युकेमियावर उपाय सापडला नव्हता. बाहेरचे रक्त भरावयाचे आणि वाट पाहावयाची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असे. निदान झाल्यापासून काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, मूल जात असे. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि तो आईबापांच्या कोणत्याही चुकीमुळे होत नाही, हे येथेच सांगून ठेवतो. कारण अशा घरांत दुःखाच्या जोडीला अपराधाची भावनाही विनाकारण ठाण मांडून बसते.

तळघरातील विकृतिशास्त्रज्ञ

सिडनी फार्बर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील बफेलो शहरात झाला. घर ज्यू, वडील पोलंडहून आलेले, भावंडे चौदा. त्या काळी अमेरिकेतील वैद्यकीय विद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांसाठी मोजक्याच जागा असत. म्हणून फार्बर जर्मनीस गेले, हायडेलबर्ग व फ्रायबुर्ग येथे त्यांनी वैद्यकाचे पहिले वर्ष उत्तम रीतीने पुरे केले आणि त्या बळावर हार्वर्डमध्ये प्रवेश मिळविला. १९२७ साली ते डॉक्टर झाले आणि १९२९ साली बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात पूर्ण वेळ काम करणारे पहिले विकृतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले.

विकृतिशास्त्रज्ञाचे काम म्हणजे रोगाने शरीरात काय बिघाड केला ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. जिवंत रोग्याशी त्याचा संबंध थोडा. मृत्यूनंतर शवविच्छेदन करून तो कारण सांगणार. फार्बर यांची प्रयोगशाळा रुग्णालयाच्या तळघरात होती. वरच्या मजल्यावर मुले दगावत आणि खाली त्यांच्या मज्जेचे नमुने येत. जवळजवळ अठरा वर्षे त्यांनी हे काम केले आणि शवविच्छेदनावर पुस्तकही लिहिले. मुलाला काय झाले होते हे त्यांना नेमके सांगता येई, पण ते सांगण्याची वेळ येई तेव्हा त्याचा मुलाला काही उपयोग नसे. चाळिशी ओलांडल्यावर या विद्वान गृहस्थांनी ठरविले की आता जिने चढून वर जावयाचे आणि मूल जिवंत असतानाच काही करून पाहावयाचे. रक्ताचा कर्करोग त्यांनी निवडला त्याला एक व्यावहारिक कारण होते. पोटातली गाठ मोजणे त्या काळी कठीण. परंतु रक्ताचा थेंब काचेवर घेतला की पेशी मोजता येतात. औषधाचा उपयोग होतो की नाही, हे आठवडाभरात आकड्यांत कळते.

परळची प्रयोगशाळा

फार्बर यांच्या हाती जे शस्त्र आले त्याचे मूळ शोधण्यासाठी आपल्याला क्षणभर बोस्टन सोडून मुंबईस यावे लागेल. १९२८ साली डॉ. लूसी विल्स या इंग्रज बाई मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. मुंबईतील गरीब गरोदर स्त्रियांना एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होई आणि त्यात कित्येक बाळंतिणी दगावत. कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायकाही त्यांत असत. या रक्तक्षयात तांबड्या पेशी आकाराने मोठ्या पण संख्येने थोड्या असतात. विल्सबाईंनी या स्त्रियांचे खाणेपिणे तपासले, उंदरांवर व माकडांवर प्रयोग केले. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिला असता हा रक्तक्षय झपाट्याने हटतो, हे त्यांनी दाखविले व १९३१ साली ते प्रसिद्ध केले. यीस्टमध्ये रक्तवाढीला लागणारा कोणता तरी पदार्थ आहे, एवढे त्यावरून सिद्ध झाले. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढण्यात आला व पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक आम्ल म्हणू लागले. परळच्या प्रयोगशाळेत ज्याचा माग लागला होता तो पदार्थ याच कुळातला.

पेशीला दुभंगून दोन व्हावयाचे असेल तर आधी तिला आपल्या केंद्रातील डीएनए या द्रव्याची दुसरी प्रत तयार करावी लागते. त्या कामाला फॉलिक आम्ल लागते. मज्जेतल्या पेशी अहोरात्र वाढत असतात, म्हणून या आम्लाची वाण पडली की पहिला फटका रक्ताला बसतो. आज गरोदर बायकांना लोहाबरोबर ज्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या देतात त्यांच्या मागे ही परळची कहाणी आहे.

औषध ठरले खत

फॉलिक आम्लाने बिघडलेले रक्त सुधारते, तर रक्ताच्या कर्करोगातही ते उपयोगी पडेल काय, अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. उंदरांच्या गाठींवरील काही प्रयोगही तसे सुचवीत होते. फार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्लाच्या कुळातील द्रव्ये कर्करोग झालेल्या मुलांना देऊन पाहिली. रक्ताचा कर्करोग असलेल्या मुलांत नेमके उलटे घडले. मज्जेतील रोगट पेशी अधिकच वेगाने वाढल्या. औषध म्हणून जे दिले ते हरळीला घातलेले खत ठरले.

येथे थोडे थांबले पाहिजे. ही मुले वाचणारी नव्हती हे खरे. तरीही त्यांच्यावर जो प्रयोग झाला त्याने रोग वाढला, हेही तितकेच खरे आहे. आज असा प्रयोग आईबापांची लेखी संमती, स्वतंत्र समितीची परवानगी आणि कडक देखरेख यांवाचून करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. फार्बर यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की झालेली गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही. ती त्यांनी छापून प्रसिद्ध केली आणि तिच्यातूनच पुढचा प्रश्न विचारला : फॉलिक आम्ल दिल्याने या पेशी वाढतात, तर ते तोडल्यास त्या मरतील काय?

भीमावरमचे सुब्बाराव

आम्ल तोडावयाचे कसे, याचे उत्तर एका भारतीयाच्या प्रयोगशाळेतून आले. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमावरम येथे झाला. १९२२ साली ते बोस्टनला गेले. हार्वर्डमध्ये त्यांनी फिस्के यांच्यासह रक्तातील फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत १९२५ साली बसविली ती पुढे जगभर वापरली गेली. परंतु तेथे त्यांना कायमची जागा मिळाली नाही, आणि १९४० साली ते लेडर्ली या औषध कंपनीच्या संशोधन विभागात गेले. त्यांच्या हाताखालील रसायनशास्त्रज्ञांनी फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. हत्तीपायाच्या रोगावरील हेट्राझान हे औषधही त्याच विभागातले.

फॉलिक आम्ल बनविता बनविता त्यांच्या मंडळींनी त्याच्यासारखीच दिसणारी पण किंचित वेगळी द्रव्ये बनविली. कुलपात दुसऱ्याच दाराची किल्ली घातली आणि ती आत अडकून बसली, तर खरी किल्ली हातात असूनही दार उघडत नाही. ही द्रव्ये पेशीमध्ये नेमके हेच करतात. पेशीला ती फॉलिक आम्लासारखीच वाटतात, ती आत जाऊन बसतात आणि खऱ्या आम्लाचे काम बंद पाडतात. त्यांपैकी एकाचे नाव अमिनोप्टेरिन. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून हे द्रव्य फार्बर यांच्याकडे गेले आणि १९४७ च्या डिसेंबरअखेर ते मुलांना देण्यास सुरुवात झाली.

सोळा मुले

३ जून १९४८ रोजी बोस्टनच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात फार्बर व त्यांच्या चार सहकाऱ्यांचा लेख छापून आला. सोळा मुलांना औषध दिले होते. त्यांपैकी दहांना उतार पडला. रक्तातल्या रोगट पेशी घटल्या, सुजलेली प्लीहा ओसरली, मज्जेत पुन्हा निरोगी पेशी दिसू लागल्या. अंथरुणाला खिळलेली मुले उठून खेळू लागली. तीव्र ल्युकेमियात असे औषधाने घडलेले कोणी पाहिले नव्हते.

परंतु लेखाच्या मथळ्यात पहिलाच शब्द 'तात्पुरता' हा होता. हा उतार कायमचा नाही, औषध विषारी आहे, आणि 'रोग बरा झाला' असे म्हणण्यास काही आधार नाही, असे त्यांनी लेखातच बजावून सांगितले. औषधाने मुलांच्या तोंडात व्रण पडत, रक्तस्रावही होई. काही महिन्यांत रोग उलटे, आणि या वेळी तो औषधाला दाद देत नसे. पहिल्या तुकडीतली बहुतेक मुले अखेर गेली.

यावरून फार्बर यांच्यावर टीका झाली. मरणाऱ्या मुलाला आणखी सुया टोचून, विष पाजून चार महिने जगविण्यात काय अर्थ, त्याला शांतपणे जाऊ द्यावे, असे म्हणणारे डॉक्टर थोडे नव्हते. आम्हांला हा आक्षेप पोकळ वाटत नाही. ज्यांनी असे मूल हाताळले आहे त्यांनाच तो सुचतो. फार्बर यांचे उत्तर असे की जो रोग चार महिने मागे हटतो तो कायमचाही हटू शकेल, आणि आजच्या मुलाला मिळालेले हे महिने उद्याच्या औषधापर्यंत पोचण्याची संधी आहेत. हे उत्तर बरोबर ठरले हे आज आपण जाणतो. त्या वेळी ते कोणालाच ठाऊक नव्हते, फार्बर यांनाही नाही. १९४८ च्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी वारले. आपल्या औषधाचे पुढे काय झाले हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

जिमीचा फंड

संशोधनाला पैसा लागतो, आणि फार्बर यांनी तो मागण्यात कमीपणा मानला नाही. २२ मे १९४८ रोजी अमेरिकेतील एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात त्यांच्या रुग्णालयातील एका बारा वर्षांच्या मुलाशी गप्पा झाल्या. आतड्याचा कर्करोग झालेला हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याचे खरे नाव झाकून त्याला 'जिमी' म्हटले गेले. बोलता बोलता बोस्टनच्या बेसबॉल संघातले त्याचे आवडते खेळाडूच त्याच्या खाटेभोवती येऊन उभे राहिले. जिमीला खेळ पाहता यावा म्हणून टेलिव्हिजन संच घेऊन देऊ या, असे आवाहन झाले आणि लोकांनी दोन लाखांहून अधिक डॉलर पाठविले. त्या फंडातून पुढे १९५२ साली नवी इमारत उभी राहिली. जिमी बहुधा वारला असावा असे लोक धरून चालले होते; पण १९९८ साली तो वयस्क गृहस्थ म्हणून लोकांसमोर आला!

त्या इमारतीत फार्बर यांनी जी पद्धत घातली तिला ते 'संपूर्ण शुश्रूषा' म्हणत. डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, कुटुंबाची अडचण पाहणारे समाजसेवक, सगळे एका छपराखाली. आईबापांना प्रवास, पैसा, घरची इतर मुले यांची जी विवंचना असते तीही उपचाराचाच भाग समजावयाची. तळघरातून आलेल्या या माणसाला हे सुचावे, ही आम्हांला त्यांच्या औषधाइतकीच मोठी गोष्ट वाटते.

१९५० नंतरच्या दशकात मूत्रपिंडात होणाऱ्या विल्म्सच्या गाठीवर त्यांनी शस्त्रक्रिया व किरणोपचार यांच्या जोडीला ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध वापरले आणि पूर्वी दगावणारी कितीतरी मुले वाचू लागली. सरकारने कर्करोग-संशोधनावर पैसा खर्च करावा म्हणून समाजसेविका मेरी लास्कर यांच्यासह त्यांनी अमेरिकन कायदेमंडळाचे उंबरठे झिजविले. १९७१ च्या डिसेंबरात तेथे राष्ट्रीय कर्करोग कायदा झाला. ३० मार्च १९७३ रोजी फार्बर वारले.

उतारापासून बरे होण्यापर्यंत

मग तात्पुरता उतार कायमचा झाला कसा? रोगाचे निदान होते तेव्हा शरीरात रोगट पेशी सुमारे एक लाख कोटी असतात. औषधाने हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव मारल्या तरी शंभर कोटी उरतात! सूक्ष्मदर्शकाखाली त्या सापडत नाहीत. मूल टवटवीत दिसते, रक्त स्वच्छ येते, आणि हरळीची काशी मात्र जमिनीखाली जिवंत असते. हॉवर्ड स्किपर या संशोधकाने उंदरांवर दाखविले की एकच रोगट पेशी मागे उरली तरी ती पुन्हा रोग उभा करू शकते.

याला इलाज दोन. पहिला, अनेक औषधे एकत्र देणे, म्हणजे एकाला दाद न देणारी पेशी दुसऱ्याने मरेल. क्षयाच्या उपचारात हेच तत्त्व आधी यशस्वी झाले होते. अमिनोप्टेरिनची जागा त्याचेच भावंड असलेल्या मेथोट्रेक्सेटने घेतली. त्याच्या जोडीला मर्कॅप्टोप्युरिन, प्रेडनिसोन आणि व्हिन्क्रिस्टिन आले. यातले व्हिन्क्रिस्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून काढतात. मात्र सदाफुलीची पाने घरी चघळून काही साधणार नाही. झाड विषारी आहे आणि औषध त्यातून शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच द्यावे लागते. १९६२ च्या सुमारास फ्रायराइख व फ्राय या दोन डॉक्टरांनी अमेरिकेत चार औषधे एकदम देण्याचे धाडस केले.

दुसरा इलाज म्हणजे उतार पडल्यावरही न थांबणे. औषधे मेंदूच्या आवरणात नीट पोचत नाहीत, आणि तेथे लपलेल्या पेशी पुढे रोग उलटवितात. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी मूल बरे दिसत असतानाच मेंदूकडेही उपचार पोचविले आणि औषधे वर्षानुवर्षे चालू ठेवली. हे पिंकेलही मूळचे बफेलोचेच. १९७० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत त्यांना सांगता आले की निम्म्या मुलांत रोग उलटत नाही. 'बरे झाले' हा शब्द या रोगात प्रथमच उच्चारता आला. आज श्रीमंत देशांत या रोगाच्या मुलांपैकी शेकडा नव्वदीच्या आसपास मुले वाचतात.

आपल्याशी या गोष्टीचा संबंध

ज्या परळमध्ये विल्सबाईंनी काम केले त्याच परळमध्ये १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथे व देशातील इतर मोठ्या केंद्रांत ही सर्व औषधे मिळतात. डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली अस्थिमज्जारोपण भारतात प्रथम तेथेच केले. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे ते स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून काम करीत आले आहेत. म्हणजे विद्येची वाण आपल्याकडे नाही. तरीही आपल्याकडे वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण श्रीमंत देशांइतके नाही. याला मुख्य कारणे दोन. एक, मूल उशिरा येते. दुसरे अधिक खेदाचे : उपचार मध्येच सोडला जातो.

तो का सोडला जातो हे आता आपल्या ध्यानात आले असेल. पहिल्या महिन्यातच मूल चांगले दिसू लागते. केस गेलेले असतात, पण ते हसते, जेवते. बापाचा रोज बुडालेला असतो, शहरात राहावयास जागा नसते, गावाकडे पेरणी खोळंबलेली असते. कोणीतरी सांगते, 'अहो, पोरगं आता ठणठणीत आहे, कशाला त्याला छळता?' हे सांगणारा मनाने वाईट नसतो. परंतु १९४८ साली बोस्टनला जो उतार पडला होता तोच हा उतार होय, आणि तेथे थांबले तर पुढे काय होते हे त्या पहिल्या मुलांनी आपल्या जिवाने दाखवून दिले आहे. या रोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. त्यातला मोठा काळ केवळ गोळ्या घेण्याचा व तपासणीस जाण्याचा असतो, आणि तोच लपलेल्या पेशी नाहीशा करतो.

म्हणून दोन गोष्टी आपण सर्वांनी लक्षात ठेवाव्यात. मुलाचा ताप दोन-तीन आठवडे हटत नसेल, ते फिकट पडत असेल, कारणावाचून अंगावर डाग उठत असतील किंवा हाडे दुखत असतील, तर रक्ताची साधी तपासणी लगेच करून घ्यावी. बहुतेक वेळा कारण दुसरेच किरकोळ निघेल. पण पाहिल्यावाचून कळणार नाही. आणि आपल्या आळीत, नात्यात, कामगारांत असे मूल असेल, तर त्याच्या आईबापांना 'उतार पडला ना, मग आता पुरे' असे न म्हणता पुढच्या तपासणीचे गाडीभाडे आपण द्यावे, शहरात एखादी खोली मिळवून द्यावी, शासनाच्या आरोग्य योजनेचे कागद भरून द्यावेत. फार्बर ज्याला संपूर्ण शुश्रूषा म्हणत तिचा हा भाग करावयास डॉक्टर असावे लागत नाही. तो आपल्यापैकी कोणीही उद्यापासून करू शकतो.